शिवदासमामांचे गाऱ्हाणे

शिवदासमामांना गाऱ्हाणे घालायला बोलवायचे म्हणजे घरात तपासनीस बोलावण्यासारखे. मोप्याच्या पठाराखालच्या आमच्या गावात ग्रामदेव रवळनाथापुढे सगळ्यांच्या वतीने हे मागणे तेच बोलतात आणि त्यांच्या प्रत्येक वाक्याला आम्ही "व्हय म्हाराजा" म्हणतो. पण स्वतः खात्री केल्याशिवाय देवाला ते काही सांगत नाहीत. माझ्या तनयाच्या परीक्षेच्या वेळी मी म्हटले, पोरगी रात्रंदिवस अभ्यास करते असे सांगा. तर हा माणूस आधी तिच्या खोलीत डोकावून आला आणि देवापुढे म्हणाला, "थोडोबहुत अभ्यास करता." मी त्यांच्याशी बोलणेच सोडले होते. शेवटी तेच एका सकाळी गरम पोई पाव घेऊन चहाला आले. अशा माणसावर रागवायचे तरी किती?

सीमेवर युद्ध पेटले तेव्हा शेजारच्या देवकीवहिनींचा मुलगा प्रज्योत तिथेच होता, सैन्यात. त्याचा फोन लागत नव्हता. टीव्हीवर मोठे पुढारी छातीठोकपणे सांगत होते, आपल्या एकाही जवानाला खरचटलेसुद्धा नाही. मला ते खरे वाटले; खरे असावे असेच वाटत होते. आमच्या गावचे पुढारी गोकुळदास फटाक्यांची पिशवी घेऊन देवळात आले.

"मामा, आमच्या सगळ्या भुरग्यांक सुखरूप ठेयलंस, असां देवाक सांगा."

"तुका कोणी सांगल्यान?"

"वरून आयलां."

"देवकीच्या झिलाचो फोन नाय, तां वरच्यांक ठावक आसा?"

"आता शंका काढूची वेळ न्हय, मामा. लोकांचो धीर सुटात."

देवकीवहिनी खांबाला टेकून सगळे ऐकत होत्या. खरे सांगतो, मला मामांचाच संताप आला. बाईला दिलासा मिळतोय तर मिळू द्या की! मामांनी नारळ ठेवला आणि हात जोडले.

"बा रवळनाथा, आमचे सगळे भुरगे सुखरूप आसत, असां पुढारी सांगतत."

"व्हय म्हाराजा!"

"आमका म्हायत नाय. तुका म्हायत आसा."

"व्हय म्हाराजा." आवाज जरा बसला होता.

"देवकीचो प्रज्योत खंय आसा, कसो आसा, तां तिका कळूंदे. आणि खरां ठावक आसून जो कोण आमका खोटां सांगता, तेका तू जाब ईचार."

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज देवकीवहिनींचा. गोकुळदासांचे ओठ काही हलले नाहीत. फटाके पिशवीतच राहिले.

पुढच्या आठवड्यात लष्करी इस्पितळातून खुद्द प्रज्योतचा फोन आला. युद्धाच्या पहिल्याच रात्री त्याच्या पायात तोफगोळ्याचे तुकडे घुसले होते. आता जिवाला धोका नव्हता. वहिनी रडल्या, हसल्या आणि तशाच मामांकडे धावल्या. मीही मागोमाग गेलो. मामांचे डोळे भरून आले, पण तोंडातून निघाले ते हेच, "खंयचो पाय?"

"उजवो." वहिनींनी पदराने तोंड पुसले. "मामा, त्या दिवशी तुमी 'सगळे सुखरूप' म्हटलां असतां, तर माज्याच झिलाच्या जखमेर मी 'व्हय म्हाराजा' म्हटलां असतां."