डाळजच्या आबांचा बल्ब

पंचक्रोशीत देवापेक्षा बल्बवर जास्त श्रद्धा असलेला माणूस एकच होता, आणि तो नेमका माझा साडू होता. डाळजला हायवेच्या कडेला आबांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. लहानपण मेंढरांमागं गेलेलं, शाळा अशी नाहीच. पण दोन तारा जोडलेला बल्ब खिशात कायम. तो पेटला तर वीज आहे, नाही तर नाही, एवढ्या विद्येवर ट्रक, ट्रॅक्टर सगळं दुरुस्त. सणसरच्या लग्नात अक्षता पडत असताना हे मांडवाबाहेर नवरदेवाच्या जीपचा हॉर्न तपासत होते. बारामतीला आमच्याकडं आले की चहा होईपर्यंत माझ्या स्कूटरचे दिवे उघडलेले. मी एकदा आकडे दाखवणारा मीटर भेट दिला, तर तो खोटं बोलतो म्हणून फळीवर ठेवून दिला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. एका रविवारी मी दुकानात असताना एक परदेशी गाडी आली. खड्डा लागला की तिच्या डॅशबोर्डवरचे सगळे काटे पडायचे. आबांनी एकमेकींना पीळ घातलेल्या दोन बारीक तारा शोधून बल्ब लावला. तो पेटला नाहीच, उलट काटे पडले. काढला, काटे उठले. तीनदा लावला, तीनदा गाडी मेली. ड्रायव्हर फोनच्या बूथवरून पुण्याच्या मेकॅनिकशी बोलून आला. म्हणे गाडीतल्या सगळ्या कंप्युटरच्या पेट्या या दोनच तारांवरून एकमेकींशी बोलतात, बल्ब ते बोलणं गिळतो. मीटर लावा, अडीचच्या आसपास व्होल्ट हवेत, जमत नसेल तर गाडी पुण्याला पाठवा. आबांचा चेहरा उतरला. हायवेवर आता अशाच गाड्या वाढणार, हे त्यांना कळत होतं. आज ही गेली, तर हळूहळू धंदाच जाणार.

त्यांनी फळीवरचा मीटर काढून लावला.

“पंचवीस,” ते म्हणाले. “बारा व्होल्टच्या गाडीत पंचवीस. म्हणलं नव्हतं, खोटं बोलतोय?”

मी वाकून पाहिलं. दोन, टिंब, पाच.

“आबा, मधलं टिंब हाय ना, त्यानं ते अडीच होतं.”

त्यांनी काचेवरच्या टिंबावर बोट ठेवलं. “अडीच व्हय? मग बाजारात म्हणत्यात तसं सरळ अडीच का लिवत न्हाईत?”

पुढं अर्ध्या तासाचं काम. चाकाजवळच्या तारा हलवल्या की अडीचचं शून्य व्हायचं. तिथं एक तार घासून पत्र्याला टेकत होती. आबांनी तिला टेप गुंडाळली, पीळ होता तसा ठेवला आणि गाडी सोलापूरकडं गेली.

हात धुताना ते म्हणाले, “ह्ये मीटरचं आकडं कसं वाचायचं, लई वर्षं तुमाला इचारीन म्हणत हुतो, मास्तर. पर साडूला कसं इचारायचं? लाज वाटली.”

बारामतीच्या शाळेत दरवर्षी मी पोरांना दशांश शिकवत होतो, आणि या माणसाच्या घरी येऊन नुसता पाहुणचार घेऊन जात होतो.