बोलता येईल इतकाच व्यायाम

आमच्या घरात गरोदर बाई एकच होती, पण त्या दिवशी खुर्चीत बसवून चार जणांनी खाली नेलं ते मला.

हे असं का झालं ते सांगायचं तर सुरुवात सुनेपासून करावी लागेल. (सगळ्याचीच सुरुवात सुनेपासून करायची मला सवय आहे, पण या वेळी खरंच तिच्यापासून आहे.) प्राचीला सहावा लागला आणि डॉक्टरीणबाईंनी तिला घरी करायचा व्यायाम सांगितला. गरोदर बाईला व्यायाम! मी चौथी शिकलेली बाई, पण व्यायाम पैलवान करतात एवढं मलाही कळतं.

"हलका असतो हो, आई. मला तपासून मगच सांगितलाय."

"आमच्या वेळी नाही कोणी सांगितला तो?"

"तुमच्या वेळी चाळीत पाण्याचा हंडा घेऊन जिने कोण चढायचं?"

"मी."

"मग?"

यावर आमटीत मीठ कमी आहे असं मी तिला सांगितलं.

व्यायामाला खरा विरोध माझा नव्हताच. मी नुसती बोलते. विरोध होता माझ्या मुलाचा, महेशचा. बायकोला दिवस गेल्यापासून तो तिला काचेच्या बरणीसारखा जपत होता. "पडलीस म्हणजे? काही नको! सरळ मम्मीकडे जा आणि झोपून राहा." मम्मी म्हणजे आमच्या विहीणबाई, राहणार अँटॉप हिल. त्या तर टपूनच बसल्या होत्या. "पहिलं बाळंतपण माहेरीच! आत्ताच नेते. पलंगावरून पाय खाली टेकवू देणार नाही."

प्राचीला तेच नको होतं. ऑफिस लोअर परळला, डॉक्टरीणबाई परळला आणि आमचं घर मध्ये करी रोडला. शिवाय मागे ती माहेरी आठवडाभर राहून आली तेव्हा झोपून झोपून पाठ अशी धरली होती की टॅक्सीतून तिला मीच ओढून काढली. शेवटी तोड निघाली. शेजारी कोणीतरी बसलेलं असेल तरच व्यायाम करायचा, आणि घरात काही गडबड झाली की दुसऱ्या दिवशी अँटॉप हिल!

हे "कोणीतरी" म्हणजे मी.

प्राचीने मला नियम सांगितले. खुर्ची भिंतीला टेकवलेली, पाण्याची बाटली हाताशी. उड्या नाहीत, जड उचलणं नाही, श्वास रोखायचा नाही. चक्कर आली, दुखलं, रक्त दिसलं तर तिथेच थांबायचं आणि डॉक्टरना फोन.

"आणि मुख्य म्हणजे व्यायाम करताना बोलता आलं पाहिजे. वाक्य पुरं होईना, म्हणजे दम लागला. थांबायचं."

"मग मी काय करायचं?"

"माझ्याशी बोलत राहायचं."

आयुष्यात मी खानावळीच्या चपात्या लाटल्या, लोकांची पोरं सांभाळली, पण माझ्या अंगच्या गुणांना शोभेल असं काम मला पहिल्यांदाच मिळालं!

मी ते मन लावून केलं. ती जागच्या जागी पावलं टाकायची, मी सोफ्यावर बसून विचारायची, "काल समोरच्या सुलूला माझ्याबद्दल काय सांगत होतीस?"

"काही... नाही."

"तुटक बोललीस! थांब. दम लागला."

"दम नाही लागला, आई. विचार करतेय!"

असं रोज. तिची पाठ मोकळी झाली, पायांची सूज उतरली आणि माझ्या सगळ्या जुन्या चौकश्या पूर्ण झाल्या.

मग तो दिवस उजाडला. प्राची खुर्चीची पाठ धरून अर्धी खाली बसत होती, उठत होती. मला ते बघवेना.

"हे काय अर्धवट? बसायचं तर धड बस."

"मला एवढंच सांगितलंय."

"आणि खुर्ची कशाला? उकिडवं बसून मी अख्ख्या चाळीच्या वाटणाचे नारळ खवलेत!"

"आई, तुम्ही नको हं. तुमचे गुडघे..."

"माझ्या गुडघ्यांचं मला शिकवू नकोस!"

मी पदर खोचला आणि सोफा आणि टीपॉयच्या मध्ये बसले. काय बसले म्हणून सांगू! झोकात. उजवा हात वर करून म्हणाले, "बघ!"

तो माझा शेवटचा शब्द. उठायला गेले आणि कमरेत अशी उसण भरली की श्वास वरचा वर, खालचा खाली. हात वर तो वरच. गुडघ्यांनी तर संप पुकारला. आमच्या गिरणगावात संप एकदा सुरू झाला की मिटत नाही, हे मला माहीत होतं. माझ्या गुडघ्यांनाही माहीत असेल असं वाटलं नव्हतं.

"छान, आई. उठा आता," प्राची म्हणाली.

मी गप्प.

"आई?"

मी गप्प.

तिने मला निरखून पाहिलं. मग मुद्दाम म्हणाली, "काल सुलूवहिनींना मी सांगितलं, तुम्ही घोरता म्हणून."

मी गप्प!

तिच्या तोंडचं पाणी पळालं. मला उचलायला ती पुढे आली आणि तिथेच थांबली. जड उचलायचं नाही. (आणि मी जड आहे. लाजायचं काय त्यात?) मीही डोळे वटारून तिला मागे हटवलं. तेवढी अक्कल माझ्यात शिल्लक होती. मग ती धावली नाही, भिंतीच्या आधाराने चालत गेली आणि समोरची बेल दाबली.

सुलूने दार उघडलं तर समोर घामेजलेली प्राची, एक हात पोटावर! पुढचं ऐकून घेईल तर ती सुलू कसली? तिने मोबाइल काढला आणि बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकून दिलं, "प्राचीला कळा सुरू, मंडळाच्या पोरांना वर पाठवा." आमचा टॉवर म्हणजे जुनी चाळच, फक्त उभी केलेली. घोटभर चहा होईपर्यंत बातमी तळमजल्यावर पोचली, तिथून महेशच्या ऑफिसात, आणि महेशने ती थेट अँटॉप हिलला धाडली.

मंडळाचे राणे तीन पोरं आणि एक हातांची खुर्ची घेऊन वर आले. दर वर्षी कारखान्यातून गणपती हलवायचं काम याच चौघांचं. आल्या आल्या त्यांनी प्राचीला खुर्चीत बसवलं.

"अहो मी नाही! त्या!"

राणेंनी वळून माझ्याकडे पाहिलं. "काकींना कळा?"

"उसण भरलीय! बोलतही नाहीयेत."

"काकी बोलत नाहीत?" राणेंनी चपला काढल्या.

मग त्यांनी एक डोळा मिटून माझ्याभोवती फेरी मारली. "बैठी मूर्ती आहे. आहे तशी उचलायची रे. खालून पाट सरकवा. हाताला कोणी धरू नका, हात पहिला जातो!"

मला ओरडायचं होतं. मेल्या, मी काय शाडूची आहे? पण आवाजच फुटेना. त्यांनी मला पाटासकट उचलून खुर्चीत ठेवलं. मी उकिडवी, पदर खोचलेला, उजवा हात आशीर्वादाचा.

"डावीकडून घ्या! दाराची चौकट सांभाळा! सावकाश, सावकाश!"

लिफ्ट खाली आली. प्राचीला बघायला अर्धी बिल्डिंग जमलेली. दार उघडलं आणि बाहेर आले मी! वॉचमनने हात जोडले. आणि मागून कुणा मेल्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "गणपती बाप्पा..."

"मोरया!" अख्खी लॉबी!

त्याच वेळी टॅक्सीतून विहीणबाई उतरल्या, हातात थर्मास आणि खसखशीच्या खिरीचा डबा. मागून महेश धापा टाकत आला. "माझी पोर कुठाय?" विहीणबाई ओरडल्या.

"मी इथे आहे, मम्मी. मला काही झालेलं नाही," माझ्यामागून लिफ्टमधून बाहेर येत प्राची म्हणाली.

काय घडलं ते सुलूने सगळ्यांना सांगितलं. (तिला अर्धंच माहीत होतं, पण सांगितलं दीडपट.) महेशचा चेहरा लालबुंद. "बंद! आजपासून व्यायाम बंद! मम्मी, हिला आत्ताच घेऊन जा."

प्राचीने माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात हात भरून आले म्हणून राणेंनी खुर्ची दाणकन खाली ठेवली आणि माझी उसण सुटली. उसण सुटली तशी जीभही सुटली.

"गाढवा! अडकलं कोण, ती का मी? ती विचारून करते, खुर्ची धरून करते, सांगितलं तेवढंच करते. न विचारता बसले मी! गडबड मी केली, तर शिक्षा तिला का? ठरल्याप्रमाणे कोणाला तरी अँटॉप हिलला धाडायचंच असेल तर मला धाड. राहते मी विहीणबाईंकडे. पलंगावर झोपून राहते. बोलायला विहीणबाई आहेतच सोबतीला!"

विहीणबाईंनी थर्मास बगलेत मारला.

"नको नको," त्या घाईघाईने म्हणाल्या. "मी काय म्हणते महेशराव, प्राची इथेच बरी. डॉक्टर जवळ आहेत, व्यायाम मानवलाय. कशाला उगाच हलवाहलव? सगळे इथेच राहा ना!"

खीर तेवढी त्यांनी ठेवून दिली. ती मी खाल्ली.

प्राची राहिली, शेवटपर्यंत व्यायाम करत राहिली आणि मला नात झाली. माझी उसण बघायला आलेल्या डॉक्टरांनी मात्र मलाही खुर्ची धरून करायचे व्यायाम लावून दिले, ते अजून चालू आहेत. आता मी उठते-बसते आणि प्राची नातीला मांडीवर घेऊन सोफ्यावरून माझ्याशी बोलत राहते. नियम तोच. बोलणं थांबलं की व्यायाम थांबवायचा.

माझ्या तब्येतीची सगळ्यांना एवढी काळजी असेल असं वाटलं नव्हतं. विहीणबाई यायच्या असल्या की आधी फोन करून बजावतात, "मी यायच्या वेळेलाच करा हं व्यायाम." आणि महेश ऑफिसातून आला, आतून माझा आवाज कानावर पडला, की चपला काढायच्या आधी बायकोला विचारतो, "आई अजून बोलतेय? मग दमली नाही ती. अजून थोडा करू दे ना!"