हे ऑर हे?

चष्मेवाल्या काकांचं सगळं इंग्रजी एका शब्दावर उभं होतं : ऑर. गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवून, काचा बदलत ते विचारत, "हे ऑर हे?" त्यांच्या मते 'की' म्हटलं तर उलटतपासणी वाटते, 'ऑर' म्हटलं तर माणसाला निवडीचा मान मिळतो. घरीही तोच थाट. "चहा ऑर कॉफी?" त्यावर काकू म्हणत, "अहो, दूध संपलंय. आता विचारा, कोरा ऑर कोरी?"

पुढे काकूंची नजर गेली. डोळ्यांची नसच वाळली आहे, आता चष्म्याचा उपयोग नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. काकांना ते पटेना. त्यांनी काकूंना दुकानातल्या खुर्चीत बसवलं.

"हे ऑर हे?"

"दुसरं."

काकांना हुरूप आला. "आणि आता?"

"पहिलं! अगदी लख्ख."

उत्तरं फारच झटपट येत होती. काकांच्या मनात पाल चुकचुकली. ज्यांच्यातून कुणालाच काही दिसत नाही, अशा काळ्या चकत्या त्यांनी दोन्ही डोळ्यांपुढे बसवल्या, काढल्या, पुन्हा त्याच बसवल्या.

"हे ऑर हे?"

काकूंनी मान तिरकी करून नीट विचार केला. "दुसरं हो. किती स्पष्ट दिसताय तुम्ही! दाढी मात्र करत जा."

काकांनी गालावरून हात फिरवला. 

"मग हाच नंबर घालू," ते म्हणाले.