धनगराचा हात

मी पौडला शाळामास्तर असताना आमच्या दारी शेळीचं दूध घालणारा धनगर फारसा बोलायचा नाही. गाभण शेळी दिसली, मग ती कुणाचीही असो, की डोळे मिटून तिचं पोट चाचपायचा आणि आत किती करडं आहेत ते सांगायचा, "एक हाय," नाहीतर "दोन हायेत." तो चुकल्याचं मला आठवत नाही.

माझ्या चार महिन्यांच्या मुलाचं पोट फुगून टणक झालं. तान्ह्या मुलांना होणारा पोटफुगीचा आजार, डबा झालाय, असं सगळ्यांनी ठरवलं. पोटावर डाग द्यायला गावातली एक म्हातारी आली. विळ्याचं टोक निखाऱ्यात लाल झालं. मुलाचे पाय मीच धरले होते. तेवढ्यात धनगर थेट आत आला, पोटावर हात ठेवला आणि झटकन काढून घेतला. मग चरवीतलं दूध त्यानं निखाऱ्यांवर ओतलं.

"डागू नगा. ह्यो डबा न्हाई. आत्ताच्या आत्ता पुण्याला न्या!"

निखाऱ्यावर दूध, केवढा अपशकुन! मी त्याला नाही नाही ते बोललो. पण गेलो.

पुण्यात सर्जननी जठराला चिकटलेली कवठाएवढी गाठ काढली. तीत केस होते, हाडाचे तुकडे होते, एक दात होता. "हे... दुसरं बाळ?" मी विचारलं.

"हे बाळ नव्हे, गाठच आहे. फार क्वचित होते. मुलगा वाचला," ते म्हणाले.

महिन्यानं मी मुलाला धनगराच्या पुढ्यात धरलं. त्यानं दोन्ही हात घोंगडीत लपवले.

"तुला कळलं कसं?"

"कळलं न्हाई, मास्तर. त्या दिशी माज्या हाताला दोन लागली व्हती."