ओढा आंबट निघाला तेव्हा

सातवीच्या विज्ञानाच्या बाईंना मुलं पाठीमागे 'कळेलबाई' म्हणत. काहीही विचारा, उत्तर ठरलेलं: "कळेल!" बाईंना हे नाव ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. दरवर्षी त्या वर्ग घेऊन डोंगरावर जात. यंदा मात्र मुख्याध्यापकही बरोबर निघाले. "वर्गात होतं तेच डोंगरावर करायचं, तर एवढा खटाटोप कशाला? पाहतो आणि ठरवतो," असं त्यांनी तोंडावरच सांगितलं होतं. सहल बंद झाली असती, तर बाईंच्या वर्षातला सगळा आनंदच गेला असता. पण चेहऱ्यावर तसूभर फरक नाही. चढणीला सगळ्यांत पुढे त्याच.

चढताना मुलांनी लिंबाचं सरबत ढोसलं, आणि वरच्या ओढ्यावर पोचताच त्याच बाटल्यांत तळाशी उरलेल्या घोटावरच पाणी भरलं. निळा लिटमस कागद बुडवला, तर लाल! एकच गिल्ला झाला. "ओढ्यात आम्ल आहे! आता मासे मरणार!" एकाने तर वर कारखाना असल्याचंही जाहीर करून टाकलं. एकाच गटाचा कागद निळा राहिला. त्यांना बाकीच्यांनी मूर्खात काढलं.

बाईंना सगळं केव्हाच उमगलं होतं. त्या खडकावर बसून बुटातला खडा काढत होत्या.

मुख्याध्यापकांना राहवेना. "अहो बाई, सांगून टाका ना! पोरं भलतंच शिकून घरी जातील."

"थोडं थांबा, सर."

भांडण रंगलं. निळ्या कागदवाल्या गटातली एक चष्मेवाली मुलगी हट्टालाच पेटली. "आमचं पाणीही इथलंच आहे!" तिने शेजारच्या गटाची बाटली ओढून नाकाला लावली आणि किंचाळली, "अरे, याला सरबताचा वास येतोय! आमच्या बाटलीत साधं पाणी होतं!"

हसून हसून सगळ्यांची पुरेवाट. मुलं बाटल्या विसळायला धावली, पुन्हा पाणी भरलं, पुन्हा कागद बुडवले. सगळे निळेच राहिले.

मुख्याध्यापकांनाही हसू आवरेना, पण हेका सुटेना. "हे वर्गातही कळलं असतं."

"नसतं कळलं, सर," बाई म्हणाल्या. "वर्गात बाटल्या मी धुऊन ठेवते."

उतरताना सर जवळ येऊन म्हणाले, "पुढच्या वर्षी सहावीलाही आणता येईल का हो?"

"न यायला काय झालं!" बाई म्हणाल्या. त्यांना उडीच मारावीशी वाटली, पण उतार निसरडा होता.