भोईरांचा बगळा

गणपत भोईरांचा विषय निघाला की मी पाणी प्यायला उठतो. मंडळातल्या लोकांना वाटतं, मित्राच्या आठवणीने म्हाताऱ्याचा घसा कोरडा पडतो. इतकी वर्षं मी तसं वाटू दिलं. आता खरं काय ते लिहून ठेवतो.

आम्ही भिवंडीत एकाच शाळेत होतो. मी इतिहास शिकवायचो, ते चित्रकला. समोर खाडी असो की शिक्षकांची सभा, भोईर आधी डोळे बारीक करून बघत. म्हणत, "डोला मोठा केला का नुसता पसारा दिसतो, मास्तर." उमेदीत त्यांनी काढलेला खंड्या इतका हुबेहूब होता की मुलं टाळ्या वाजवून त्याला उडवायला बघत. निवृत्तीनंतर मात्र त्यांच्या पाखरांची आधी पिसं गेली, मग चोच, मग पाय.

एकदा टेमघरला त्यांच्या घरी गेलो, तर नवं चित्र भिंतीला टेकवलेलं. राखाडी खाडी, काठचं गवत आणि मधोमध एक पांढरा फटकारा.

"हे काय?"

"बगला."

"कुठाय?"

"आताच उडला ना. गवत बघा, अजून हालतंय."

मी बघितलं, "वा" म्हटलं आणि चहा प्यायलो.

तेच चित्र त्यांनी आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या प्रदर्शनाला दिलं. मी मंडळाचा कार्यवाह. चित्र टेबलावर येताच चेष्टा सुरू झाली. "चुना सांडला काय हो?" "तुमच्या दोस्ताला चष्मा करून द्या, कार्यवाह!" मीही हसलो. म्हणालो, "मला तरी कुठे काय कळतंय!"

उद्घाटनाला मोठे पाहुणे यायचे होते. त्यांच्यापुढे मंडळाचं हसं व्हायला नको, एवढंच माझ्या डोक्यात. भोईर लेकीकडे अंबाडीला गेलेले. मी चित्र रिक्षात घातलं आणि धामणकर नाक्याजवळ ट्रकच्या मागे मोर आणि गुलाब रंगवणाऱ्या पेंटरकडे नेलं.

"इसमें एक बगुला बना दो."

"उड़ता कि बैठा, चाचा?"

"बैठा."

त्याने फटकाऱ्यावरच बगळा बसवला. पिवळी चोच, लाल डोळा, पायाला नखंसुद्धा.

उद्घाटनाच्या दिवशी त्याच चित्रापुढे सगळ्यांनी फोन काढले. पाहुणे म्हणाले, "अगदी जिवंत!" भोईर मागून आले. डोळे बारीक केले. मग मोठे केले. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "बसवला का त्याला, मास्तर? बरा केला. लय दिस उडत व्हता, दमला असंल."

एवढंच. चारचौघांत त्यांनी माझं नाव घेतलं नाही. पाहुण्यांची शालही खांद्यावर घेतली. जाताना चित्र माझ्या हातात दिलं. "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. तुमचाच हाय."

त्यानंतर लोक त्यांना सांगत, "भोईर, तसाच बगळा आम्हालाही द्या की!" ते म्हणत, "हात थरथरतो आता." माझ्यासमोर काठोकाठ भरलेली बशी ते थेंब न सांडता ओठाला लावत. ब्रश मात्र पुन्हा धरला नाही.

एका दुपारी मी टर्पेंटाइन आणून तो बगळा पुसायला बसलो. तो निघाला. त्याच्याबरोबर खालचा पांढरा फटकाराही निघाला.

पुढे भोईरांना अर्धांगवायू झाला, वाचा गेली. मी टेमघरला गेलो. काय बोलायचं ते रिक्षात पाठ केलं होतं. वहिनी त्यांच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "अवो, मास्तर आल्यात." त्यांनी चालता हात चादरीवरून उचलला आणि ब्रश ओढावा तसा हवेत आडवा फिरवला.

"पानी पायजे का?" वहिनींनी विचारलं आणि आत गेल्या. खोलीत आम्ही दोघंच उरलो. मी म्हणालो, "बरं वाटतंय ना?"

त्यांनी डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं. वहिनी पाणी घेऊन आल्या. ते त्यांनी घेतलं नाही, म्हणून मी प्यायलो आणि उठलो. त्याच आठवड्यात ते गेले.

पाठ केलेलं वाक्य लहानसंच होतं: "भोईर, मला माफ करा. त्या दिवशी ते गवत मलाही हलताना दिसलं होतं."