ताईने फटकारे पुसणं सोडलं

आमच्या ताईला सगळे ‘फोटोवाली’ म्हणायचे. फोटो ती काढायची नाही. तैलरंगात माणसांचे चेहरे रंगवायची, पण इतके गुळगुळीत, की बघणाऱ्याला हात लावून बघायचा मोह व्हावा. बारीक ब्रशने रंग लावायचा आणि तो ओला असतानाच मऊ, कोरड्या ब्रशने फटकारे पुसून टाकायचे, ही तिची पद्धत. गिऱ्हाइकं खूश होती. तीच धुसफुसायची.

“सगळे एकाच साबणाने तोंड धुऊन आल्यासारखे दिसतात रे,” ती मला म्हणाली होती.

मग प्रसूतिगृहातल्या मोठ्या सिस्टर निवृत्त व्हायला आल्या आणि तिथल्या लोकांनी त्यांचं चित्र ताईकडे सोपवलं. आम्ही दोघंही त्यांच्याच हातात जन्मलेलो. त्यांना फोटोचा भारी तिटकारा. “काढायचंय तर समोर बसून काढ,” म्हणाल्या. पण त्या बसतील तर शपथ! जरा खुर्चीला टेकल्या, की आतून कुणीतरी हाक मारायचं आणि बाई पसार.

ताई रोज रंग खरवडलेला कॅनव्हास घेऊन घरी यायची. “गाल होईपर्यंत मान वळलेली असते. काय करू?”

एक दिवस तिने चिडून, एरवी मागची भिंत रंगवायचा तो रुंद, राठ ब्रश उचलला. सिस्टर येरझाऱ्या घालत होत्या. ताई बराच वेळ नुसती बघत राहिली. मग कपाळावर एक जाड फटकारा, गालाच्या हाडाखाली दुसरा. पुन्हा बघणं, पुन्हा एकच. घरी आल्यावर सवयीने मऊ ब्रश हातात घेतला, चित्रासमोर उभी राहिली आणि तो तसाच ठेवून दिला.

“यातलं काही पुसलं, तर बाई निघून जातील,” ती म्हणाली.

निरोपाच्या दिवशी चित्रावरचं कापड काढलं, तेव्हा डॉक्टरांनी हळूच विचारलं, “थोडं राहिलंय का अजून?” माझं तोंड उतरलं. सिस्टर चष्मा लावून अगदी जवळ गेल्या.

“जवळून नुसता चिखल आहे गं!”

मग मागे सरत सरत दारापर्यंत गेल्या आणि थबकल्या. “इथून मात्र मीच. आत्ता उठून कुणाला तरी झापेन, असं वाटतंय.”

आयाबाया खदखदून हसल्या. ताईचे डोळे भरून आले आणि माझी छाती फुगली.

त्यानंतर काही जुनी गिऱ्हाइकं तुटली. गुळगुळीतच हवं म्हणणाऱ्यांना ताई गोड बोलून दुसऱ्याकडे पाठवायची. तिचे फटकारे वर्षागणिक कमी आणि ठाम होत गेले. मध्यंतरी तिने बाबांना रंगवलं. त्यांनी चित्र निरखलं.

“कान एकाच फटकाऱ्यात उरकलास होय?”

“ऐकतो कुठे तो, त्याच्यावर जास्त मेहनत घ्यायला!”

बाबांनी नाक मुरडलं. पण हल्ली पाहुणा आला, की चहाच्या आधी त्याला तो कान दाखवतात.